नागपूर ते दूरदेश: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

‘नागपूर ते लंडन किती लांब?’ असे फोनला विचारले की तो क्षणात सांगतो: साधारण ७,४७५ किलोमीटर, विमानाने नऊ तास. दोन्ही आकडे हिशेबाने बरोबर आहेत, पण त्यांच्या भरवशावर सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, निघालेला माणूस नऊ तासांत लंडनला पोचत नाही. एकतर नागपूरहून लंडनला थेट विमान नाही. शिवाय हा आकडा ज्या रेषेवर मोजला आहे, त्या रेषेवरून आज प्रवासी विमाने उडत नाहीत. घराच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत मोजले तर नऊचे वीस-एकवीस तास होतात.

म्हणून अंतर, उड्डाणाचा वेळ आणि प्रवासाचा वेळ हे तीन हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात. तिन्ही हिशेब कागद, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि तिकिटावरच्या वेळा एवढ्यावर होतात.

आधी दोन बिंदू पक्के करा

विमानतळाचे अंतर शहराच्या मध्यापासून मोजत नाहीत. सीताबर्डीतला झिरो माइलचा दगड कितीही प्रसिद्ध असला तरी विमानाच्या हिशेबात त्याला स्थान नाही. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी ते २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व असे धरा. दोन दशांश स्थळे पुरेशी आहेत, त्याने चूक एखाद्या किलोमीटरची होते.

पुढच्या हिशेबांसाठी लागणारे इतर बिंदू: लंडन हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. दोहा २५.२७ उत्तर, ५१.६१ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. सिडनी ३३.९५ दक्षिण, १५१.१८ पूर्व.

इथेच दोन चुका हमखास होतात. पहिली अंश-मिनिटांची. ५१ अंश २८ मिनिटे म्हणजे ५१.२८ नव्हे. २८ ला ६० ने भागायचे, म्हणजे ५१.४७. ही चूक राहिली तर एका बिंदूत एकवीस किलोमीटरचा फरक पडतो. दुसरी चूक चिन्हाची. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे. सॅन फ्रान्सिस्कोचा १२२.३८ अधिक लिहिला तर ठिकाण चीनच्या किनाऱ्याजवळचे निघते, आणि आकडा बऱ्यापैकी मोठाच असल्यामुळे संशयही येत नाही.

शहराच्या नावावरून विमानतळ धरू नका. लंडनच्या नावाने ओळखले जाणारे सहा विमानतळ आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टारिकातही. तीन अक्षरी कोड जुळवा. नागपूरचा कोड एन-ए-जी. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष व्ही-ए-एन-पी हा चार अक्षरी कोड वापरतात. तिकिटावर तो दिसत नाही, पण विमानाचा माग दाखवणाऱ्या अॅपवर दिसतो.

अंतराचे गणित, आकडे घालून

पृथ्वी गोल धरली तर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे महावृत्ताचा, म्हणजे गोलाला बरोबर मधोमध वेढणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा. सूत्र असे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांतल्या फरकाचा कॉस यांचा गुणाकार करा. दोन्हींची बेरीज घ्या आणि तिचा उलट कॉस (कॅल्क्युलेटरवरचे cos⁻¹) काढा. जो कोन येईल त्याला १११.२ ने गुणा. एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात, म्हणून.

नागपूर–लंडन करून पाहू.

रेखांशांतला फरक: ७९.०५ वजा (उणे ०.४६), म्हणजे ७९.५१ अंश.
साइन २१.०९ = ०.३५९८ आणि साइन ५१.४७ = ०.७८२३. गुणाकार ०.२८१५.
कॉस २१.०९ = ०.९३३०, कॉस ५१.४७ = ०.६२२९, कॉस ७९.५१ = ०.१८२१. गुणाकार ०.१०५८.
बेरीज ०.३८७३. उलट कॉस ६७.२१ अंश.
६७.२१ × १११.२ = ७,४७४ किलोमीटर.

कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर आहे ना, ते आधी पाहा. एक्सेलसारख्या तक्त्यात कोन आपोआप रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, धरला जातो. तिथे प्रत्येक अंशाला ३.१४१५९ ने गुणून १८० ने भागावे लागते आणि शेवटच्या कोनाला उलट १८० ने गुणून ३.१४१५९ ने भागावे लागते. हे विसरले की येणारे उत्तर इतके विचित्र असते की चूक निदान लपत तरी नाही.

रेखांशांतला फरक १८० पेक्षा जास्त आला तर घाबरायचे कारण नाही. नागपूर–सॅन फ्रान्सिस्कोचा फरक २०१.४३ येतो. तो ३६० मधून वजा करून १५८.५७ केला काय किंवा तसाच ठेवला काय, कॉस एकच येतो. कोन येतो ११७.९ अंश, म्हणजे सुमारे १३,११० किलोमीटर.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. सात हजार किलोमीटरमागे तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे विमानाची दोन-अडीच मिनिटे. त्यासाठी अधिक अवघड सूत्राच्या मागे लागू नये.

जवळच्या अंतरांना मात्र हे सूत्र वापरू नका. तिथे कॉस एकच्या इतका जवळ जातो की चार दशांशांत उत्तर घसरते. देशातल्या देशात पायथागोरस पुरतो. नागपूर–दिल्ली: अक्षांशांतला फरक ७.४८ × १११.२ = ८३२ किलोमीटर. रेखांशांतला फरक १.९५ × १०१ = १९७ किलोमीटर. दोघांचे वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ घेतले की ८५५. रेखांशाचा अंश उत्तरेकडे आखूड होत जातो, म्हणून तिथे १११ ऐवजी १०१. नागपूरच्या अक्षांशावर तो १०४ किलोमीटरचा असतो.

मैलांचा गोंधळही इथेच मिटवा. विमानवाल्यांचा मैल सागरी असतो, १.८५२ किलोमीटरचा. रस्त्याचा मैल १.६०९ किलोमीटरचा. नागपूर–लंडन ४,६४४ साधे मैल आणि सुमारे ४,०३५ सागरी मैल. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर एक खोटा आहे असे समजू नका.

सरळ रेषेवरून विमान का जात नाही

भिंतीवरचा नकाशा फसवतो. त्यावर नागपूर–सॅन फ्रान्सिस्को म्हणजे युरोप आणि अटलांटिक पार करून जाणारी आडवी रेघ वाटते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. दोरा नागपूरहून जवळजवळ सरळ उत्तरेला जातो, उत्तरेपासून जेमतेम १९ अंश पूर्वेकडे झुकून. पश्चिम तिबेट, शिनजियांग, मंगोलियाचा पश्चिम भाग, सैबेरिया असे करत तो ७२ अक्षांशापर्यंत चढतो, अलास्कात उतरतो आणि पॅसिफिकच्या कडेने कॅलिफोर्निया गाठतो. नागपूरहून अमेरिकेचा पश्चिम किनारा खऱ्या अर्थाने उत्तर दिशेला आहे. पुढे कुठे विमान बदलायचे हे ठरवताना हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडते.

पण दोरा जिथून जातो तिथून विमान जाईलच असे नाही. तिबेटचे पठार हे पहिले कारण. केबिनमधला दाब गेला तर विमानाला झटपट दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण डोक्यावरून पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा ते बावीस मिनिटेच पुरतो. तिबेटात जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून कंपन्या तो भाग टाळून वळसा घेतात.

दुसरे कारण राजकारणाचे. नागपूर–लंडनचा दोरा राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र, रशियातला रोस्तोव्हचा परिसर आणि युक्रेन यांच्यावरून जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले, भारतानेही तेच केले. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे उतरावे लागू लागले. अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, एअर इंडियाला येते. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचा वेळ वेगळा असतो, आणि स्वस्त-महाग याचा त्याच्याशी संबंध नसतो. मधल्या थांब्याचे आकाशही बंद पडू शकते. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले, तेव्हा दोहाकडे निघालेली विमाने भलतीकडेच उतरवावी लागली.

वळशासाठी सूत्राच्या उत्तरात साधारण पाच टक्के वाढवा. मोठा बंद भाग वाटेत असेल तर दहा. तिकीट काढण्यापूर्वी त्याच क्रमांकाच्या विमानाचा गेल्या आठवड्यातला माग अॅपवर पाहिला तर अंदाज लावायची गरजच राहत नाही.

विमान कुठे बदलायचे

नागपूरकराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न हाच. नियम सोपा आहे: नागपूर ते थांबा आणि थांबा ते मुक्काम या दोन अंतरांची बेरीज करा, तिला थेट अंतराने भागा. १.०५ च्या आत आले तर थांबा वाटेवर आहे. १.१५ च्या वर गेले तर तुम्ही उलटे चालला आहात.

लंडनसाठी थेट ७,४७४. दिल्लीमार्गे ७,५८५ म्हणजे जेमतेम दीड टक्का जास्त. मुंबईमार्गे ७,९०० (नागपूर–मुंबई ६८५ धरून), पावणेसहा टक्के जास्त. दोहामार्गे २,८४० अधिक ५,२४० म्हणजे ८,०८०, आठ टक्के जास्त. कागदावर दिल्ली जिंकते. पण पाकिस्तानचे आकाश बंद असताना भारतीय कंपनीचे दिल्ली–लंडन विमान जो वळसा घेते त्यात हा फायदा बराचसा जातो. दोहाला नागपूरहूनच थेट जाता येत असेल तर सामान नागपूरला दिले की लंडनलाच भेटते आणि इमिग्रेशनही सोनेगावलाच उरकते. लंडनसाठी दोन्ही पर्याय बरोबरीचे आहेत. तिकिटाचा दर आणि थांब्याची लांबी पाहून ठरवा.

सॅन फ्रान्सिस्कोला मात्र तसे नाही. थेट १३,११०, दिल्लीमार्गे १३,२३५. एक टक्काही जास्त नाही, कारण दिल्ली त्या दोऱ्याच्या अगदी जवळ आहे. मुंबईमार्गे १४,२०० होतात. दोहामार्गे १५,८३०, म्हणजे एकवीस टक्के जास्त. आधी पश्चिमेला चार तास जायचे आणि मग दोहाहून पृथ्वीचा जवळजवळ एक-तृतीयांश घेर ओलांडायचा. खिशाला परवडते म्हणून अनेक जण हे करतात, त्यात वावगे काही नाही, पण तीन तास जास्त हवेत काढायचे आहेत हे आधी ठाऊक असावे.

सिडनीला दिल्ली उलट्या दिशेला पडते. थेट ९,७७५, दिल्लीमार्गे ११,२९०, साडेपंधरा टक्के जास्त. बंगळूरुमार्गे १०,२४५, पाच टक्क्यांच्या आत. बंगळूरु–सिडनी थेट सेवा क्वांटासने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केली होती. दोहामार्गे सिडनी १५,२०० किलोमीटर! तिकिटे शोधणारी संकेतस्थळे हेही पर्याय निमूटपणे यादीत दाखवतात.

किलोमीटरचे तास कसे होतात

एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ हे विमान उंचीवर पोचले की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जाते. ७७७, ७८७, ए३५० अशी लांब पल्ल्याची विमाने ९०० च्या आसपास. एटीआर हे पंख्याचे विमान ५०० च्या. चढण्या-उतरण्यात आणि धावपट्टीपर्यंत सरकण्यात जाणाऱ्या वेळेसाठी अर्धा तास वेगळा धरा. नागपूर–दोहा: २,८४० भागिले ८३०, म्हणजे ३ तास २५ मिनिटे, अधिक अर्धा तास, एकूण चार तासांच्या आसपास.

छोट्या उड्डाणांना हा हिशेब तोकडा पडतो. नागपूर–दिल्ली ८५५ किलोमीटर, गणिताने दीड तास. वेळापत्रकात मात्र पावणेदोन-दोन तास असतात. दिल्लीच्या डोक्यावर घिरट्या घालाव्या लागतात, उतरल्यावर दारापर्यंत सरकायलाच पंधरा-वीस मिनिटे जातात, आणि कंपन्या वेळेवर पोचल्याचे दाखवण्यासाठी थोडा वेळ आधीच वाढवून ठेवतात. वेळापत्रकातला वेळ हा दारापासून दारापर्यंतचा, म्हणजे विमान मागे ढकलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो. हवेत त्याहून कमीच.

मग वारा. उत्तर गोलार्धात तीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार प्रवाह आहेत. हिवाळ्यात त्यांचा वेग शंभर ते दोनशे किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे लंडनला जाताना लागणारा वेळ येताना लागत नाही, अर्ध्या ते एक तासाचा फरक नेहमीचा आहे. बऱ्याच जणांना वाटते की जाताना गेले ते येताना मिळते, हिशेब बरोबर. तसे नाही. पाच हजार किलोमीटर, विमान ९०० चे, वारा शंभराचा धरा. वाऱ्याबरोबर ५ तास, वाऱ्याविरुद्ध सव्वासहा. दोन्ही मिळून ११ तास १५ मिनिटे. वारा नसता तर ११ तास ७ मिनिटे. उलटा वारा जास्त वेळ अंगावर राहतो, म्हणून तो जितके घेतो तितके सुलटा वारा परत देत नाही.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,३८० किलोमीटर. गणिताने चौदा-साडेचौदा तास, वळसा धरून पंधरा ते सोळा. या वाटेत इंजिनात काही बिघडले तर जवळचा विमानतळ म्हणजे काय, ते ६ जून २०२३ ला कळले. एअर इंडियाचे याच मार्गावरचे विमान इंजिनातल्या दोषामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरवावे लागले आणि प्रवाशांना दुसऱ्या विमानाची वाट पाहत तिथे राहावे लागले. औषधे आणि एक जोड कपडे हातातल्या बॅगेत ठेवायला सांगतात ते अशासाठी.

घड्याळाचा हिशेब

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची असते. म्हणून वजाबाकी करण्याआधी सगळ्या वेळा एकाच घड्याळावर आणायच्या. जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, सर्वांत सोयीची. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, दोहा तीन तास पुढे. लंडन हिवाळ्यात बरोबरीला, उन्हाळ्यात एक तास पुढे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आठ तास मागे, उन्हाळ्यात सात.

उदाहरणासाठी हिवाळ्यातल्या काल्पनिक वेळा घेऊ. नागपूरहून ०३:०० ला सुटले, दोहाला ०४:३० ला पोचले. दोहाहून ०८:०० ला सुटले, लंडनला १२:१५ ला पोचले. नुसते पाहिले तर सव्वानऊ तास वाटतात. यूटीसीत बदला: नागपूरचे ०३:०० म्हणजे आदल्या दिवशीचे २१:३०. लंडनचे १२:१५ तेवढेच. मधले अंतर १४ तास ४५ मिनिटे. ताळा करा: पहिले उड्डाण ४ तास, थांबा साडेतीन, दुसरे उड्डाण सव्वासात. जुळले.

घड्याळ पुढे-मागे करण्याच्या तारखा दोन्हीकडे वेगळ्या आहेत. युरोपात मार्चचा शेवटचा रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा दोन्हीकडचे फरक जुळत नाहीत. दिवाळीला जाणार-येणार असाल तर नेमके त्याच आठवड्यात सापडू शकता.

अमेरिकेला जाताना तारीखही चक्रावून टाकते. दिल्लीहून मंगळवारी पहाटे ०२:०० ला निघालेले विमान पावणेसोळा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला हिवाळ्यात मंगळवारीच पहाटे ०४:१५ ला उतरेल. येताना उलट: मंगळवारी सकाळी दहाला निघून सोळा तासांनी दिल्लीत उतराल तेव्हा बुधवारची दुपार, साडेतीन. घ्यायला येणाऱ्यांना तिकिटाची उतरण्याची तारीख पाठवा, निघण्याची नाही.

आणि सर्वांत महाग पडणारी चूक. आखाताकडे जाणारी विमाने पुष्कळदा मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:३५’ असेल तर घरातून १४ ला रात्री निघायचे असते. आपल्याकडे पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे ‘पंधराची रात्र’ म्हटले की डोळ्यासमोर पंधराचा दिवस मावळल्यानंतरची रात्र येते. विमान तोवर जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. तिकीट हातात पडले की कॅलेंडरवर सुटण्याची वेळ लिहू नका, ‘१४ ला रात्री साडेआठला घर सोडायचे’ असे लिहा.

जमिनीवर जाणारा वेळ

आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी विमानतळावर. चेक-इनचा काऊंटर बहुतेक कंपन्या साठ मिनिटे आधी बंद करतात आणि मग विनवणीचा उपयोग होत नाही. सीताबर्डीहून वर्धा रोडने विमानतळ आठ-नऊ किलोमीटर. मेट्रोचे एअरपोर्ट स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, शिवाय मध्यरात्री मेट्रो नसते. अमरावती, चंद्रपूर, यवतमाळकडून येणाऱ्यांनी दीडशे किलोमीटरचा रस्ता धरून आणखी तीन ते साडेतीन तास जोडावेत. पंक्चरला वेळ वेगळा ठेवावा.

वरचे लंडनचे उदाहरण पुढे नेऊ. नागपुरातले घर चार तास आधी सोडले, हीथ्रोला इमिग्रेशन, सामान आणि गावातला प्रवास याला दोन तास. एकूण २० तास ४५ मिनिटे, त्यात दोन्ही उड्डाणांचा वेळ सव्वाअकरा.

थांब्याची लांबी ठरवताना एकच गोष्ट आधी पाहा: दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर आहेत का. असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाला तरी पुढच्या विमानात बसवणे ही कंपनीची जबाबदारी. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर नागपूर–दिल्ली विमान तीन तास उशिरा पोचले याच्याशी पुढच्या कंपनीला देणेघेणे नाही. सामानही दिल्लीला पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावे लागते. टर्मिनल बदलत असेल तर आणखी वेळ: दिल्लीत टी-१ आणि टी-३ लांब आहेत, बसने जावे लागते. मुंबईत टी-१ सांताक्रूझच्या बाजूला आणि आंतरराष्ट्रीय टी-२ सहारला, मधला रस्ता गर्दीत अर्धा तासही खातो.

एकाच पीएनआरवर दिल्लीला साडेतीन-चार तास ठेवा. वेगळ्या तिकिटांना किमान सहा, आणि डिसेंबर-जानेवारीत आदल्या दिवशीच दिल्ली गाठा. त्या दोन महिन्यांत पहाटेचे धुके सकाळी दहा-अकरापर्यंत उड्डाणे अडकवते आणि नागपूरहून सकाळी सुटणारे विमान दिल्लीच्या धुक्यासाठी सोनेगावलाच थांबवून ठेवतात. नागपुरात लख्ख ऊन असते आणि विमान का सुटत नाही ते कोणाला समजत नाही. दुपारचे किंवा संध्याकाळचे विमान घेतले तर हा त्रास बराच कमी होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीच काळजी मुंबईच्या पावसासाठी.

अमेरिकेत सहसा पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होते आणि सामान उचलून पुन्हा द्यावे लागते, पुढचे तिकीट त्याच कंपनीचे असले तरी. तिथून पुढे देशांतर्गत विमान असेल तर तीन तास ठेवा. बॅग उघडायला लावली तर सगळ्यात जास्त वेळ खाण्याच्या डब्यांवर जातो, म्हणून खाद्यपदार्थ आहेत हे कस्टम्सला सरळ सांगा. संत्रा बर्फी हातातल्या बॅगेत चालते. लोणच्याची बरणी शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकते, ती चेक-इनच्या सामानात, आणि झाकणावर दोन वेळा टेप मारून.